सहावीला कुठं घालायचं? आपल्या पट्ट्यातल्या शाळा समित्यांना, सरपंचांना आणि पालकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र आपल्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सगळ्या अध्यक्ष-सदस्यांना आहे, सरपंचांना आहे, मुख्याध्यापक सर-मॅडमना आहे, आणि ज्यांचं पोरगं किंवा पोरगी यंदा पाचवीत आहे अशा प्रत्येक आईबापाला आहे. माझी मुलगी वस्तीवरच्या झेडपीच्या शाळेत पाचवीला आहे आणि ती शाळा पाचवीलाच संपते, म्हणजे जूनमध्ये तिचं नाव दुसरीकडं घालायचंच आहे, त्याला पर्याय नाही. म्हणून दिवाळीपासून मी जवळपासच्या शाळा बघत फिरतेय, शिक्षकांशी बोलतेय, तिथं जाणाऱ्या पोरींच्या आयांशी बोलतेय, आणि माझं मत असं झालंय की आपण सगळे शाळांची तुलना तर रोज करतो, पारावर करतो, हळदी-कुंकवाला करतो, व्हॉट्सअ‍ॅपवर करतो, पण ज्या गोष्टींवरून करायला पाहिजे त्या सोडून बाकी सगळ्यावरून करतो. आणि त्यात सहावी ते आठवीची पोरं भरडली जातात.

कुणालाही विचारून बघा शाळा कुठली चांगली. त्यांचा शिष्यवृत्तीचा निकाल भारी असतो, तिथं सेमी आहे, त्यांची बिल्डिंग नवीन झालीय, तिथं टाय-बूट आहेत, तिथं शिस्त आहे. एवढीच उत्तरं येतात. तिथं गणित-विज्ञानाला माणूस आहे का, पोरींच्या संडासात पाणी आहे का, सहावीला आलेल्या पोरांपैकी नववीपर्यंत किती पोचली, हे विचारणारं मला अजून कुणी भेटलं नाही.

आपल्याकडं पर्याय तसे चार. गावठाणातली झेडपीची मराठी शाळा, सातवीपर्यंत, काही ठिकाणी आरटीईनंतर, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानंतर, आठवी जोडलेली. दुसरी बाजाराच्या मोठ्या गावातली झेडपीची शाळा जिथं सेमी आहे आणि पट जास्त आहे. तिसरं संस्थेचं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी, पगार सरकार देतं आणि कारभार संस्था बघते. आणि पश्चिमेकडच्या आदिवासी गावांसाठी आश्रमशाळा, राहण्या-जेवणासकट. इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या व्हॅना दारात येतात त्यांच्याबद्दल मी लिहीत नाहीये. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा आपल्या आहेत आणि त्यांचा हिशोब मागायचा आपल्याला हक्क आहे, म्हणून मी त्यांच्याबद्दलच बोलणार.

आधी हे समजून घ्या की सहावी म्हणजे नुसती पाचवीच्या पुढची यत्ता नाही. पाचवीपर्यंत परिसर अभ्यासाची पुस्तकं असतात, एक बाई सगळे विषय घेतात आणि चांगल्या बाई असल्या तर ते छान चालतं, माझ्या मुलीचं चाललंच आहे. सहावीला सामान्य विज्ञान वेगळं होतं, इतिहास-नागरिकशास्त्र वेगळं, भूगोल वेगळा, गणितात पूर्णांक संख्या येतात, गुणोत्तर-प्रमाण येतं, समीकरणं येतात, आणि आठवीपर्यंत ते बैजिक राशींच्या अवयवांपर्यंत जातं. हे सगळं एकटा माणूस नीट शिकवू शकत नाही, कितीही जीव तोडून शिकवणारा असला तरी. म्हणूनच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, जो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, साफ लिहिलंय की सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गाला निदान एक शिक्षक पाहिजे, आणि त्यात विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्राला एक, भाषेला एक असे निदान तीन वेगवेगळे पाहिजेत. दर ३५ मुलांमागं एक शिक्षक. पट १०० च्या वर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि चित्रकला, खेळ, कार्यशिक्षण ह्यांना अर्धवेळ निदेशक. वर्षाला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं.

मी जिथं जिथं गेले तिथं पहिला प्रश्न हाच विचारला, की पदवीधर शिक्षक किती आणि कुठल्या विषयाचे. एका शाळेत सहावी-सातवी मिळून एकच पदवीधर शिक्षक, त्यांचा विषय सामाजिक शास्त्र, आणि विज्ञान-गणित तेच घेतात. सर मनापासून काम करणारे आहेत, मला स्वतःहून म्हणाले की ताई, सातवीच्या गणितापर्यंत मी ओढतो पण विज्ञानाचे प्रयोग मला जमत नाहीत, मी पुस्तक वाचून दाखवतो आणि उत्तरं लिहून देतो. मला त्यांचा राग आला नाही, रिकामी जागा न भरणाऱ्यांचा आला. दुसऱ्या एका शाळेत, बाहेरून बघितलं तर भिंतीचा रंग उडालेला, पण सातवीची पोरं वर्गाबाहेर जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून त्यावर लिंबू आणि साबणाचं पाणी टाकत बसली होती, आम्ल कुठलं आणि आम्लारी कुठलं ते रंगावरून वहीत लिहीत होती, आणि मी विचारलं तर दोन-तीन पोरी एकदम बोलायला लागल्या. त्या शाळेला विज्ञानाच्या मॅडम आहेत. त्या शाळेचा फ्लेक्स चौकात लागलेला मी कधी बघितला नाही.

फ्लेक्सचंच बोलू. शिष्यवृत्ती परीक्षेला माझा अजिबात विरोध नाही, पोरांनी बसावंच. आधी चौथी-सातवीला असायची, मग पाचवी-आठवीला नेली, आता परत चौथी-सातवीला आणायचं ठरलंय. ३०० मार्कांची परीक्षा, भाषा-गणित एका पेपरात, इंग्रजी-बुद्धिमत्ता दुसऱ्या पेपरात. प्रश्न असा आहे की फ्लेक्सवर जी दहा-पंधरा पोरं झळकतात ती वर्गातल्या किती पोरांपैकी? मोठ्या गावातल्या शाळेत आजूबाजूच्या गावांतली हुशार पोरं आधीच निवडून येतात, कारण ज्या आईबापाला जमतं ते तिथंच घालतात, मग निकाल चांगला लागतो, मग अजून पोरं येतात. त्यात शाळेनं शिकवलं किती आणि पोरांनी घरून आणलं किती हे कळायला मार्ग नाही. आणि जादा तास कधी असतात, सकाळी साडेसातला नाहीतर शाळा सुटल्यावर. म्हणजे गावठाणात राहणाऱ्यांना. मळ्यातल्या पोरीला ते जमत नाही, आणि का जमत नाही ते पुढं सांगते.

परीक्षेवरूनच अजून एक. आठवीला एनएमएमएसची, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते, आपल्यातल्या बऱ्याच पालकांना माहितीच नाही. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत असलं आणि पोरगं सरकारी, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत असलं तर बसता येतं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार. पण त्यातला एक पेपर सातवी-आठवीच्या विज्ञान, समाजशास्त्र आणि गणितावर असतो. ज्या शाळेत विज्ञानाला माणूसच नाही तिथली पोरं काय लिहिणार? रिकामी राहिलेली जागा अशी पोरांच्या पुढच्या शिक्षणाच्या पैशावर येते. कुठल्या शाळेतून किती पोरं एनएमएमएसला बसली आणि किती लागली, हा आकडा मला फ्लेक्सपेक्षा जास्त सांगतो.

मग खरंच कुठली शाळा शिकवते हे कसं ओळखायचं? गावोगावी पोरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या असरचे सर्व्हे येतात, डिसेंबर २०२४ मध्ये परखचा राष्ट्रीय सर्व्हे झाला तिसरी, सहावी आणि नववीचा, पेपरात बातम्या येतात की जिल्हा इतका वर आणि तितका खाली. ते नमुना घेऊन केलेले असतात, त्यावरून आपल्या गावातल्या शाळेचं काहीच कळत नाही. पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा आता परत नापास करू शकणारी झालीय, पण पेपर शाळेतच तपासले जातात, म्हणून दोन शाळांचे टक्के शेजारी ठेवून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र सगळीकडं सारखी आहे. ज्या पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात, भाषा, गणित आणि इंग्रजीच्या, त्यांचा पेपर वरून येतो आणि झेडपी असो की अनुदानित, सगळ्यांना एकच येतो. तपासतात मात्र आपापले शिक्षक. माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे की सहावी ते आठवीचे तेवढे गणिताचे गठ्ठे शेजारच्या शाळेशी अदलाबदल करून तपासा, केंद्रप्रमुखांना सांगून हे होण्यासारखं आहे, फार तर एक दिवस जाईल. आणि जूनमध्ये सहावीला आलेल्या प्रत्येक पोराला दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगा, असरवाले हेच करतात, त्याला ना कागद लागतो ना पैसा. परत एप्रिलमध्ये करा. आलं तेव्हा किती जणांना येत होतं आणि जाताना किती जणांना येतं. जी शाळा मागं राहिलेली पोरं घेऊन त्यांना पुढं नेते ती माझ्या लेखी पहिल्या नंबरची शाळा, तिच्या बिल्डिंगला तडे असले तरी.

आता पोरींचं. हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण समितीच्या मीटिंगमध्ये हे कुणी बोलत नाही. अकरा ते चौदा वर्षं म्हणजे पाळी सुरू व्हायचं वय. मी प्रत्येक शाळेत मुलींचा संडास आत जाऊन बघितला, आणि मुद्दाम दुपारच्या सुट्टीनंतर बघितला, कारण सकाळी सगळं स्वच्छ असतं. कागदावर सगळीकडं मुलींना स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. पण एका ठिकाणी टाकी आहे आणि मोटर बंद, त्यामुळं पोरींनीच बादलीनं पाणी न्यायचं. एका ठिकाणी कडी नाही, मैत्रीण बाहेर उभी राहते. एका ठिकाणी कुलूप, किल्ली ऑफिसात, आणि ऑफिसात सगळे पुरुष शिक्षक, तेरा वर्षांची पोरगी किल्ली मागायला जाईल का? पोरींनी मला काय सांगितलं माहितीये, त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात पण नाही. आणि त्या चार दिवसांत घरीच राहतात. महिन्याला चार म्हणजे वर्षाला किती दिवस बुडाले, आणि मग आपण म्हणतो पोरीचं अभ्यासात लक्ष नाही. सगळ्यात बरी सोय मला एका छोट्या शाळेत दिसली, तिथल्या मॅडमनी किल्लीबिल्ली भानगड ठेवली नाही, एक कपाट ठेवलंय ज्यात पॅड असतात, पोरींनी न विचारता घ्यायचे, आणि वापरलेले टाकायला झाकणाचा डबा. फार खर्च नाही हो. सरपंच साहेब, ग्रामपंचायतीला पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित निधी येतो, त्यातून एक मोटर आणि चार कड्या बसत नाहीत का?

हे मी एवढं लावून धरतेय कारण पोरी सातवी-आठवीतच गळतात. सातवीला शाळा संपली, पुढची लांब आहे, मग बसवतात घरी, धाकट्याला सांभाळायला, कांद्याच्या काढणीला, आणि मग स्थळं यायला लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. म्हणून कुठलीही शाळा चांगली का वाईट हे ठरवताना मला हे पाहिजे की सहावीला नाव घातलेल्या पोरींपैकी नववीत किती पोचल्या. हजेरीपटात हे सगळं असतं, फक्त कुणी बेरीज करत नाही.

अंतराचं सांगते. राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला पाहिजे. नकाशावर आपल्याकडं बहुतेक ठिकाणी हे बसतं. पण आपल्याकडचे ते ३ किलोमीटर म्हणजे दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधला ओढा, आणि मळ्यात एकटं-दुकटं घर. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर चारही तालुके येतात आणि ह्या चारही तालुक्यांत बिबट्यामुळं घराघरात काय चाललंय हे मी तुम्हाला सांगायला नको. थंडीत सहाला अंधार पडतो. शाळा सुटून जादा तास करून पोरगी त्या रस्त्यानं चालत येणार? कुठली आई पाठवेल? मुलींना एसटीचा पास पाचवी ते बारावी फुकट आहे, चांगली योजना आहे, पण एसटी डांबरी रस्त्यावर सोडते आणि तिथून घर दीड किलोमीटर आत. म्हणून माझं म्हणणं असं की अंतर मोजताना मीटरनं मोजू नका, रस्त्यानं मोजा. ऊस किती, वीज आहे का, किती पोरं मिळून येतात, गाडी आहे का. वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, तो आपल्या किती पोरांना मिळतो हे समितीनं विचारायला पाहिजे. आणि जी शाळा जादा तास मधल्या वेळेत किंवा शनिवारी घेते, वस्तीवरच्या पोरांना धरून घेते, ती शाळा माझ्या यादीत वर जाते.

सेमीचं फार बोलत नाही. सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, ते शिकवणारा असला तर उत्तम. शिकवणारा नसताना नुसता बोर्ड लावला तर पोरगं ना इंग्रजी शिकतं ना गणित. वर्गात बसून एक तास ऐका, कळतं.

अनुदानित हायस्कूलबद्दल पालकांना एक सांगायचंय. आठवीपर्यंत शिक्षण मोफत आहे, पुस्तकंसुद्धा, आणि दुपारचा भातसुद्धा, सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम प्रथिनं असा नियम आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी बिल्डिंग फंड म्हणून पावती फाडली जाते, काही ठिकाणी पावतीसुद्धा नाही, आणि पालक गप देऊन टाकतात कारण पोराला त्रास होईल असं वाटतं. हे पैसे किती घेतले आणि कशाचे, हे पण तुलनेत आलं पाहिजे. त्याच वेळी हेही खरं आहे की प्रयोगशाळा, मैदान, वाचनालय जे काही धड आहे ते बऱ्याचदा हायस्कूललाच आहे. आठवड्यातून एकदा, शनिवारी समजा, शेजारच्या झेडपी शाळेच्या सहावी-सातवीच्या पोरांना ती प्रयोगशाळा वापरू दिली तर संस्थेचं काय जाणार आहे? पुढं नववीला तीच पोरं त्यांच्याकडं येणार आहेत.

आणि बाहेरून आलेली पोरं. ऊसतोडीला, कांदा-टोमॅटोला जी कुटुंबं येतात त्यांची दहा-बारा वर्षांची पोरं कोपीजवळ, त्यांच्या झोपडीजवळ, बसलेली आपण रोज बघतो. कायद्यानं त्यांना वयाप्रमाणे वर्गात घ्यायचंय, दाखला नाही म्हणून परत पाठवायचं नाही, गाव सोडून आलेल्या पोराला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय त्यासाठीच आहे. एका शाळेनं ह्या पोरांना घेतलंय आणि त्यामुळं तिचा सरासरी निकाल खाली दिसतो. एका शाळेनं टाळलंय आणि ती चांगली दिसते. माझ्या नजरेत पहिली शाळा मोठी आहे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि हा माझ्याही डोक्यात खूप दिवस फिरतोय. मला एका मॅडमनी थेट विचारलं की तुम्ही अशी तुलना जाहीर कराल, मग आमची शाळा खाली दिसेल, मग पालक पोरं काढतील, ३० सप्टेंबरचा पट कमी होईल, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, अजून एक पद जाईल, मग आमची शाळा अजून खाली जाईल, आणि शेवटी बंदच पडेल, हे तुम्हाला पाहिजे का? त्यांचं खोटं नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर सहावी ते आठवीचा पट २० च्या आत गेला की शिक्षकाचं पद धोक्यात येतं, त्यावरून शिक्षकांनी मोर्चे काढलेत. २०२३ ला समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचे, प्रस्ताव मागवले, त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण दिलं होतं. समूह शाळा वाईटच असं मी म्हणत नाही, गाडी वेळेवर येणार असली आणि शिक्षक पूर्ण असले तर कदाचित बरीही. पण वस्तीवरची शाळा आधी बंद आणि गाडी नंतर बघू असं झालं तर पहिली घरी बसणार ती पोरगी, हे आपण सगळे जाणतो.

तरी मला तुलना पाहिजेच. कारण लपवून ठेवल्यानं पोरं जायची थांबलेली नाहीत, ती अशीच, ऐकीव माहितीवर, फ्लेक्स बघून जातायत. ज्यांना परवडतं, ज्यांच्याकडं टू-व्हीलर आहे, ते आधी जातात, आणि मागं ज्यांचं कुणी नाही त्यांची पोरं उरतात. उघड आकडे असले तर निदान हे म्हणता येतं की ह्या शाळेचा दोष शाळेचा नाही, ह्या शाळेला अमुक वर्षापासून गणित-विज्ञानाचा पदवीधर शिक्षक दिलेलाच नाही, आणि मग आपण चार गावं मिळून मागणी करू शकतो. सरकारच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षक भरती झाली तेव्हा आपल्या किती जागा भरल्या, बदल्यांत किती गेल्या, निवडणुकीच्या आणि बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला कोण किती दिवस गेलं, हे एकेका गावानं विचारून उपयोग होत नाही, एकत्र विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. तोपर्यंत एक मधला मार्ग आहे. विज्ञानाच्या मॅडम एका शाळेत आहेत आणि तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत नाहीत, तर आठवड्यातले दोन दिवस त्यांना कामगिरीवर तिकडं द्या, आणि तिकडचे सामाजिक शास्त्राचे सर इकडं. मॅडमची संमती घेऊन, जायच्या-यायच्या खर्चासकट. मी दोन-तीन शिक्षकांशी बोललेय, ते तयार आहेत, त्यांना फक्त लेखी आदेश पाहिजे.

जालिंदरनगरचं नाव सगळे घेतात. आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातली झेडपीची शाळा, २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार मिळाला, आणि त्याआधी पट बंद पडायच्या टोकाला आला होता. अभिमान वाटतोच. पण आमच्या गावात लगेच सुरू झालं की आपल्याला पण तसे सर पाहिजेत. तसे सर प्रत्येक गावाला मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी बदली होऊन जातील. तिथून घेण्यासारखं मला जे वाटतं ते म्हणजे मोठ्या पोरांनी छोट्यांना शिकवायची पद्धत, विषयमित्र म्हणतात तिला, आणि गावानं शाळेत रोज लक्ष घालणं. ह्या दोन्हीला कुणाची ऑर्डर लागत नाही.

समितीच्या सदस्यांनो, तुमच्याबद्दल पण लिहिते, वाईट वाटून घेऊ नका. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत, आणि शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचाय. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी येतं आणि चुलीपुढं बसून सही होते. माझ्या ओळखीतल्या एक ताई दोन वर्षं सदस्य आहेत आणि त्यांना समितीची बैठक बघायला मिळालेली नाही. शाळेला संयुक्त अनुदान येतं, पट ३० च्या आत असला तर वर्षाला १० हजार, १०० च्या आत असला तर २५ हजार, त्यात खडू, दुरुस्ती, लाइट बिल सगळं भागवायचं. एवढ्या पैशात शाळा चालत नाही हे मला मान्य आहे, पण ते कुठं गेले हे समितीला माहिती नसणं मला मान्य नाही.

तर माझी मागणी एवढीच आहे. १ मेला निकाल लागतो आणि त्याच दिवशी ग्रामसभा असते. त्या ग्रामसभेत प्रत्येक शाळेनं सहावी ते आठवीचं एक पान मांडावं, सगळ्यांनी एकाच नमुन्यात. पदवीधर शिक्षक कुठल्या विषयाचे आहेत आणि कुठली जागा केव्हापासून रिकामी आहे. शिक्षक शाळेबाहेरच्या कामाला किती दिवस गेले. जूनमध्ये किती पोरांना वाचता आणि भागाकार करता येत होता आणि एप्रिलमध्ये किती जणांना. सहावीत आलेली किती पोरं, त्यात पोरी किती, नववीला पोचली. दुपारी मुलींच्या संडासात पाणी होतं का. वस्तीवरची पोरं कशी येतात. बाहेरची पोरं किती घेतली. पालकांकडून काही पैसे घेतले का. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या साइटवर, शाळेचा अकरा अंकी कोड टाकला की रिपोर्ट कार्ड मोबाइलवर दिसतं, शिक्षक किती, खोल्या किती, संडास किती. ते मी प्रत्येक शाळेचं काढलंय, पण त्यात टाकी दिसते, मोटर बंद आहे ते दिसत नाही. म्हणून ही माहिती गावानं स्वतः भरावी, दोन आया आणि एक शिक्षक मिळून, शेजारच्या गावच्या शाळेत जाऊन.

आणि ह्यात नंबर लावू नका. पहिला, दुसरा, तिसरा असं काही करू नका, नाहीतर परत फ्लेक्सच होईल. नुसतं शेजारी शेजारी लावा, ज्याला जे महत्त्वाचं ते तो बघेल. माझ्यासाठी विज्ञानाच्या मॅडम आणि संडासातलं पाणी, दुसऱ्या कुणासाठी रस्ता.

नमुन्याचं पान मी टाइप करून ठेवलंय, मराठीत, दोन्ही बाजूनं. गावठाणातल्या झेराॅक्सच्या दुकानात दिलंय, तिथून कुणीही न्या. पायाभूत चाचणीच्या पेपरांची अदलाबदल करायला ज्या मुख्याध्यापकांची तयारी आहे त्यांनी केंद्रप्रमुखांना सांगावं, अर्ज मी लिहून देते, सह्या गोळा करायला आम्ही पाच-सहा आया आहोत. वाहतूक भत्त्यासाठी मळ्यातल्या पोरांची नावं, घर ते शाळा रस्ता कुठून जातो हे सगळं लिहून काढायचं काम आम्ही सुरू केलंय, ज्यांची नावं राहिलीत त्यांनी रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात यावं, साडेचारला, म्हणजे अंधाराच्या आत सगळ्यांना घरी जाता येईल.

आपली,
पाचवीतल्या एका मुलीची आई